रमाबाईंच्या हातातले पुस्तक

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत एक छोटेखानी आत्मकथन लिहिले. 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' हे त्याचे नाव. त्यात कलकत्त्यातला एक प्रसंग आहे. साल १८७८. रमाबाई वीस वर्षांच्या आणि बरोबर थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री. आईवडील, मोठी बहीण दुष्काळात गेलेली. ह्या दोघा विद्वान भावंडांना ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे आमंत्रण आले. तिथे लोक खुर्च्यांवर बसून इंग्रजांबरोबर चहा-बिस्किटे घेत होते. मग सगळे उठले, खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून काही म्हणू लागले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. भावंडांना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय!

तिथेच त्यांना बायबलचे संस्कृत भाषांतर भेट मिळाले. रमाबाईंनी ते उघडून पाहिले, पण त्यांना त्यात काही गम्य वाटले नाही. भाषा संस्कृतच होती, पण जिच्यात त्या वाढल्या त्या संस्कृतासारखी नव्हती. शिकवणही अनोळखी होती. हे वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असे त्यांना वाटले. ज्या शहराने त्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवले त्याच शहरात संस्कृतातले एक पुस्तक त्यांनी न वाचता बाजूला ठेवले. मात्र ते टाकून दिले नाही. ते पुढे कायम आपल्याजवळच राहिले, असे त्या सांगतात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तो वडिलांच्या आजारपणात, इस्पितळाच्या व्हरांड्यात. वाचायला घेतले होते ते एका भाषणाच्या तयारीसाठी. पण रात्री दोनच्या सुमारास, शेजारच्या खोलीतले यंत्र टिकटिकत असताना, मी ते पुस्तक भाषणासाठी वाचत नव्हते. संकटात सापडलेला माणूस पुस्तकाकडे जातो तेव्हा त्याला तिथे नेमके काय मिळते, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला आहे. रमाबाईंविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे: त्यांचे धर्मांतर, शारदासदनाचा वाद, स्त्रीशिक्षणातले त्यांचे काम. त्यांच्या श्रद्धेकडे मात्र आपण बहुधा एक गैरसोयीची गोष्ट म्हणून पाहतो. सुधारक रमाबाई हव्यात आणि बायबल वाचणाऱ्या रमाबाई सोडून द्याव्यात, असा आपला हिशेब असतो. तो हिशेब जुळत नाही. त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी आपत्ती आणि हे पुस्तक यांच्या भेटी एकामागून एक मांडल्या, की त्यातून एक सूत्र दिसू लागते. ते सूत्र भाषेचे आहे.

ते समजायचे तर आधी त्यांचे बालपण पाहिले पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले. त्यावरून समाजाचा रोष ओढवला, तरी ते मागे हटले नाहीत. गंगामूळच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. तीर्थाच्या ठिकाणी देवळाच्या ओवरीत किंवा घाटावर बसायचे आणि पुराणे वाचायची. ऐकणारे लोक नमस्कार करत आणि पुढ्यात पैसे, फळे, धान्य ठेवत. रमाबाई ह्या वाचनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितात. वाचलेल्याचा अर्थ सांगितला जात नसे. मूळ संस्कृत कानावर पडले की पुण्य लागते, अशी ऐकणाऱ्यांची श्रद्धा होती. त्यामुळे अर्थ सांगण्याची गरजच नव्हती.

इथे मला माझी आजी आठवते. आमच्याकडे श्रावणात पोथी लागत असे. आजोबा वाचत आणि आजी वाती वळत ऐके. त्यातले अर्धेअधिक तिला कळत नसे, हे तीच सांगे. पण तिच्या थोरल्या मुलाच्या मृत्यूनंतर ती तगली ती त्या न कळणाऱ्या शब्दांच्या आधारावर, असे माझी आई म्हणते. तेव्हा न कळलेल्या शब्दांनी धीर येतच नाही, असे मी म्हणणार नाही. रमाबाई मात्र तसे म्हणतात, आणि ते त्यांनी पोटाच्या भुकेतून शिकले होते.

१८७४ पासून मद्रास इलाख्यात दुष्काळ आणि टंचाई. साठवलेला पैसा दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनांत गेलेला. मजुरी करणे जातीला शोभत नाही आणि भीक मागायला तोंड उघडत नाही. भांडी, दागिने, कपडे विकून झाले. देवांची आराधना चालूच होती. उपास, अनुष्ठाने, प्रदक्षिणा. शेवटी वृद्ध वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा मुलगा म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो. त्या शब्दावर वडील थांबले खरे, पण थोड्याच दिवसांत गेले. पाठोपाठ आई गेली. तिला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा मुलगा आणि चौथी रमाबाई. उंची कमी म्हणून त्यांना तिरडीचे टोक खांद्यावर घेता येईना, तेव्हा ते त्यांनी डोक्यावर घेतले. मग बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थानभर हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने गोठायची वेळ आली, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि फक्त डोके बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. ह्या सगळ्या काळात त्यांच्या मुखात हजारो श्लोक होते. भागवत पाठ होते. देवळे, नद्या, कुंडे, काही पाहायचे राहिले नाही. रमाबाई लिहितात त्याचा मथितार्थ असा, की शास्त्रात सांगितलेले सगळे केले, पण देव काही दिसला नाही. हे बंडखोराचे शब्द नाहीत. सगळे नियम पाळून झालेल्या माणसाचे ते शब्द आहेत.

कलकत्त्यात पंडितांनी त्यांना स्त्रियांच्या कर्तव्यांवर बोलायला सांगितले, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे मुळातून वाचली. ग्रंथ एकमेकांशी कशावरही सहमत नव्हते. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत होते: स्त्री जात म्हणून वाईट. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. अर्थ कळण्याचा पहिला अनुभव रमाबाईंना असा आला. ज्या शब्दांचे पठण करून पोट भरले त्यांचा अर्थ स्त्री म्हणून आपल्या विरोधात जातो, हे त्यांना कळले.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोघे आसामातल्या सिलचरला राहू लागले. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहान चोपडी सापडली. बंगालीतले लूकचे शुभवर्तमान. ते तिथे कसे आले हे त्यांना ठाऊक नव्हते. बंगाली ही त्यांनी कलकत्त्यात येऊन शिकलेली, रोजच्या बोलण्यातली भाषा. संस्कृत बायबल बाजूला ठेवणाऱ्या रमाबाईंनी हे चोपडे मात्र मन लावून वाचले. गावातल्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांकडून समजावूनही घेतले. नवऱ्याला ते रुचले नाही. तो मिशनच्या शाळेत शिकलेला होता, पण उघडपणे ख्रिस्ती म्हणवून घ्यायला तयार नव्हता.

चार शुभवर्तमानांपैकी हाती लागले ते लूकचे, हा निव्वळ योगायोग. पण लूकमध्ये बायका आणि गरीब माणसे जास्त आहेत, हेही खरे. नाईन गावच्या विधवेची गोष्ट फक्त लूकच सांगतो. तिचा एकुलता मुलगा मरतो, गाव त्याची तिरडी घेऊन निघते आणि येशू वाटेत ती तिरडी थांबवतो. हा अध्याय वाचताना रमाबाईंच्या मनात काय आले, त्यांनी लिहिलेले नाही. डोक्यावर आईची तिरडी वाहिलेल्या बाईने तो वाचला, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने वारले. मुलगी मनोरमा तेव्हा दहा महिन्यांची होती.

पुण्याला आल्यावर त्या इंग्रजी शिकू लागल्या, आणि त्याबरोबरच एका इंग्रज शिक्षिकेकडून मराठीतून नवा करारही. आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', हंटर आयोगापुढची साक्ष, हे सगळे त्याच वर्षातले. त्यावर इतरांनी सविस्तर लिहिले आहे. १८८३ मध्ये वैद्यक शिकायच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या.

तिथे जे घडले ते फार काळे आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात, आपल्याला बळजबरीने बाटवतील ह्या भयाने त्या बाईचे मन ढळले होते, असे सांगतात. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. दोन मैत्रिणी एकाच दारातून आत गेल्या. एकीला तिथे जी भीती भेटली तिने तिचा जीव घेतला, आणि दुसरीला तिथेच आधार सापडला. रमाबाईंच्या श्रद्धेविषयी लिहिताना ही आनंदीबाई वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आधार कुठे सापडला ते रमाबाई नेमके सांगतात. मठाच्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. ते पाहायला रमाबाईंना नेले. ज्या बायकांकडे हिंदुस्थानातला कोणताही शास्त्री वळूनही पाहणार नाही, त्यांची हे लोक शुश्रूषा करतात, हे पाहून त्या चकित झाल्या. का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. तो ऐकून रमाबाईंना येशूविषयी खात्री पटली.

हा अध्याय मी पुन:पुन्हा वाचला आहे. भर दुपारी येशू थकून विहिरीच्या कडेला बसतो. शोमरोनी जातीची एक बाई एकटीच पाण्याला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो, तेव्हा तीच आधी दचकते. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांचे भांडे वापरत नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला ह्या ओळीवर टीप लागत नाही. बाईचे पाच नवरे झालेले आहेत, हे तो तिला सांगतो, पण त्याबद्दल उपदेश करत नाही. मग ती त्याला शास्त्रार्थाचा प्रश्न विचारते! आमचे पूर्वज ह्या डोंगरावर भजन करत, तुम्ही म्हणता यरुशलेममध्येच करावे; खरे कोणते? तो म्हणतो, तो डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही. तेवढ्यात शिष्य परत येतात आणि हा एका बाईशी बोलतो आहे हे पाहून आश्चर्य करतात. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते.

फुलहॅमच्या भगिनीने हा अध्याय वाचला तो पतितेला जवळ करणारा येशू दाखवण्यासाठी. रमाबाईंनी तो तसा घेतलाच. माझा समज असा, की त्यांनी त्यात आणखीही काही ऐकले असणार. डोंगर की यरुशलेम, हा प्रश्न त्यांच्या आईवडिलांनी पायांनी विचारला होता, ह्या तीर्थावरून त्या तीर्थावर, मरेपर्यंत. उत्तर 'दोन्ही नाही' असे मिळाले तर ती सारी पायपीट फुकट गेली, असा एक अर्थ निघतो. दुसरा अर्थ असा, की झेलमच्या वाळूत पुरून घेतलेल्या दोन पोरांनाही तो देव तिथेच भेटू शकत होता. रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या लेखनात हा दुसरा अर्थ मला ऐकू येतो. दुष्काळाच्या दिवसांतही देवाने आपल्याला सोडले नव्हते, फक्त आपल्याला ते ठाऊक नव्हते, असे त्या मागे वळून पाहताना म्हणतात.

मात्र धीर मिळाला म्हणून त्यांनी मान तुकवली असे नाही. त्यांच्या पत्रव्यवहाराचा संग्रह सिस्टर जेराल्डिन यांनी केला होता. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्यांना रमाबाई भाबड्या वाटतात त्यांनी तो वाचावा. त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारीजन्म, धर्मगुरूंचा अधिकार, एकेका मुद्द्यावर ह्या बाई आपल्या गुरुभगिनींशी भांडतात. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरी मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर आहे. अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नाहीत. आणि त्यांना द्यायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे आहेत, ह्यावरही त्या अडून बसतात. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही. मग संस्कृत का नको? हा हट्ट राष्ट्राभिमानाचा म्हणून सांगितला जातो. मला तो पुराणिकाच्या मुलीचा हट्ट वाटतो. न कळणाऱ्या भाषेत देवाचे नाव घेणे तिने एकदा करून पाहिले होते.

ह्याच सुमारास त्यांना ऐकू येईनासे झाले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या राहिल्या, पण बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. ऐकून पुण्य मिळवणाऱ्या जगात वाढलेली बाई आता डोळ्यांनीच वाचणार होती.

पुढची काही वर्षे भराभर सांगते. अमेरिका, 'द हाय कास्ट हिंदू वुमन', ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन, ते पुण्याला हलवणे, आणि १८९३ चा वाद. रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि विधवा मुली तिथे येऊन बसत. त्यावरून 'केसरी'ने रान उठवले आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. ह्याच काळात त्यांनी एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्याला कळले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मांतराच्या कथा लिहिणाऱ्यांना एक तारीख लागते. इथे ती एका तारखेत मावत नाही.

आता १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा शारदासदन तोट्यात होते आणि स्वतःवर टीका चालूच होती. जायचे कारण त्यांनी साधे दिले आहे: मला माझा दुष्काळ आठवला. त्या तिथे गेल्या आणि रस्त्याकडेच्या, मदतकेंद्रांतल्या पोरी पाहिल्या. मुलींचे दलाल आसपास फिरत होते, आणि मदतकेंद्रांतही मुली सुरक्षित नव्हत्या, हे त्यांनी छापून सांगितले. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगाव स्टेशनजवळ घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या केल्या. पुढे तिथेच 'मुक्ती'ची वसाहत झाली. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, गुजरात-काठेवाडकडच्या मुलींची भर पडली आणि वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मळा, माग, तेलाचा घाणा, डेअरी, छापखाना. विहिरीही खणल्या गेल्या. तशा वर्षात विहिरीवरच्या बाईची गोष्ट त्या मुलींना कशी वाटली असेल, ते वेगळे सांगायला नको.

इथे प्रश्न येतोच. उपाशी मुलीला भाकर द्यायची आणि मग पुस्तक द्यायचे, ह्याला धीर म्हणायचे की सौदा? टीकाकारांनी तेव्हा हेच विचारले आणि आजही विचारतात. मी त्याला बगल देणार नाही. नऊ वर्षांची मुलगी, जिचे कोणी उरले नाही, तिने जेवू घालणाऱ्या बाईचा देव आपला मानला, तर त्याला मुक्त निवड म्हणता येणार नाही. रमाबाईंना हा प्रश्न पुरेसा छळत होता असे त्यांच्या लेखनावरून दिसत नाही, आणि ती त्यांची मर्यादा आहे. पण टीका करणाऱ्यांपैकी कितीजण दलालांच्या आधी त्या रस्त्यावर पोचले होते, हेही विचारावे लागते. आणि एक फरक आहे. जी मुलगी 'मुक्ती'त येई तिला आधी अक्षर शिकवत. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल आणले. त्यांच्या वसतिगृहाचे नाव बार्तिमी सदन, शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तिमयावरून. ज्यावर विश्वास ठेवायचा ते बोटांनी चाचपून स्वतः वाचता आले पाहिजे, असा तिथला आग्रह होता.

ना. वा. टिळक नगरकडे नेमके उलट करत होते. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे ते सांगत. त्यांनी येशूला अभंगात आणि ओवीत आणले, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला दुःखात गाता येतील अशी पदे दिली. साहित्य म्हणून टिळकांचे पारडे जड आहे, त्यात वाद नाही. रमाबाईंनी ती वाट नाकारली. ओळखीचा नाद आला की ऐकणारा अर्थ विचारत नाही, अशी त्यांना धास्ती होती, असे मला वाटते.

आणि तरीही १९०५ च्या जूनअखेर 'मुक्ती'त जे झाले ते अर्थाच्या पलीकडचे होते. प्रार्थनेला बसलेल्या मुली एकाएकी मोठ्याने रडू लागल्या. शेकडो आवाज एकाच वेळी, प्रत्येकीची प्रार्थना निराळी. पुढे काहीजणी कोणालाच न कळणारे शब्द बोलू लागल्या. पाहायला आलेले काही युरोपीय पाद्री बिचकले. शब्दाचा अर्थ हवा म्हणून आयुष्यभर झगडलेल्या रमाबाई ह्याला आवर घालतील असे वाटावे, पण त्यांनी उलट त्याची बाजू घेतली. आई, बाप, भाऊ डोळ्यांसमोर मेलेल्या त्या मुलींजवळ आजवर रडायला जागा नव्हती, हे त्या बहुधा जाणून होत्या. माझे सूत्र इथे तुटते, आणि माझ्या आजीला इथे जागा मिळते.

त्याच वर्षांच्या आसपास त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल नव्हते असे नाही. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यापासून शंभर वर्षांची परंपरा होती. रमाबाईंची तक्रार अशी, की उपलब्ध भाषांतराची भाषा खेड्यातल्या बाईला झेपत नाही. तिच्यात संस्कृत शब्दांची गर्दी आहे आणि त्या शब्दांना चिकटून जुन्या कल्पनाही येतात. संस्कृत विद्येसाठी देशभर नावाजलेली बाई हे म्हणत होती! वयाच्या पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुळावरून ताडून, शब्दाला शब्द ठेवत त्यांनी एकेक पुस्तक मराठीत आणले. खिळे जुळवायला 'मुक्ती'च्या मुली होत्या. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या.

हे भाषांतर यशस्वी झाले असे म्हणता येत नाही. चर्चमध्ये ते रुळले नाही. मुळाला फार चिकटून राहिल्याने वाक्ये जागोजाग अवघडतात, आणि साधेपणाच्या हट्टापायी कुठेकुठे भाषेचा प्राणच जातो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तली बोली मराठी पाहिली, की साधेपणा म्हणजे काय ते कळते. तो रमाबाईंना साधला नाही. पण मी ते वाचते तेव्हा मला अडखळणाऱ्या वाक्यांमागे एक बहिरी, थकलेली बाई दिसते. पुढ्यातल्या अडाणी मुलीला हा शब्द कळेल का, असे ती प्रत्येक ओळीला विचारते आहे. घाटावर बसून अर्थ न सांगता पोथी वाचणाऱ्या मुलीने पन्नास वर्षांनी केलेली ही परतफेड आहे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची मुलगी, संस्थेची वारस. आईबाप, भाऊ, बहीण, नवरा, आणि आता ही. जवळच्या रक्ताचे कोणी उरले नाही. रमाबाई स्वतः खंगलेल्या होत्या. ह्या काळात त्यांनी शोकाविषयी लांबलचक काही लिहिले नाही. बायबलची मुद्रिते तपासणे चालू होते, आणि तेच त्या करत राहिल्या. शेवटची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पुरी झाली, अशी आठवण त्यांच्या चाहत्यांनी जपली आहे. भक्तांच्या आठवणी अशाच असतात, असे म्हणून मी ती बाजूला ठेवत आले. अलीकडे ठेववत नाही. वडील गेले त्या आठवड्यात मीही एका लेखाची मुद्रिते तपासली होती. वेलांट्या आणि उकार पाहत बसले होते, कारण दुसरे काही पाहवत नव्हते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. छपाई अजून पुरी व्हायची होती. ती मुलींनी पुढे चालवली आणि संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले.